पांढरी चार

बाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि ते भांडण मी पाच मिनिटांत हरलो.

तेव्हा मी हिंगण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात फिटर होतो. नागपुरात, धरमपेठेतल्या एका दुमजली घरात खालच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मी नरखेड तालुक्यातला, बायको त्याच बाजूची. शहरात येऊन तीन वर्षं झाली तरी घरातली आमची बोली गावचीच होती. दर तिसऱ्या आठवड्याला मला रातपाळी यायची. सकाळी कंपनीची बस चौकात सोडून द्यायची. मी अंघोळ करायचो, दोन पोळ्या खायचो आणि खिडकीला चादर लावून आडवा व्हायचो.

त्या जुलैत वरच्या खोलीत नव्या भाडेकरू आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या, नगरकडच्या. उंच, सडपातळ, घट्ट अंबाडा, पांढरं सुती पातळ. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि एक उंच स्टूल. चौथ्या दिवशी सकाळी माझा डोळा लागतो न लागतो तोच डोक्यावर धप्‌ धप्‌ सुरू झालं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. डावीकडून उजवीकडे जायचं, उजवीकडून डावीकडे यायचं.

"काय कुटून राहिल्या त्या?" मी बायकोला विचारलं.

"मले काय मालूम? वर जाऊन पाहा ना तुमी. तीन दिवसांपासून असंच चालू हाय. मिरच्या त नाही कुटून राहिल्या, ठसका नाही येऊन राहिला."

मी तणतणत जिना चढलो. दार उघडंच होतं. खोलीच्या मधोमध त्या स्टुलावर बसल्या होत्या. पायांत पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, मांडीवर पसरलेली चादर, नजर समोरच्या भिंतीवर. खाली फरशीवर हातभर लांबीच्या लाकडी पट्ट्या शेजारी शेजारी मांडल्या होत्या, काही खाली, काही जरा उंच. त्या पट्ट्यांवर बाईंचे पाय चालत होते. आवाज फक्त लाकडाचा. हात मांडीवर स्वस्थ.

"बाई, मले झोपू द्या," मी म्हणालो. "रातपाळी करून येऊन राहिलो मी."

"अर्धं कडवं राहिलंय," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, आणि ते संपेपर्यंत थांबल्या नाहीत. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही फिटर ना? तुमच्या मिसेस म्हणाल्या. ही डावीकडची शेवटची पट्टी हलते. बघा जरा."

मी भांडायला गेलो होतो. पण सैल पट्टी दिसली की हाताला राहवत नाही. खाली जाऊन हातोडी आणली, पट्टी बसवली, आणि सगळ्या पट्ट्यांखाली गोणपाटाच्या दोन घड्या घालून दिल्या म्हणजे आवाज खाली येणार नाही. बाईंनी पुन्हा पाय चालवून पाहिले.

"छान. रातपाळीच्या आठवड्यात मी दुपारची जेवणं झाल्यावर करीन. बाकीचे दोन आठवडे सकाळी. ठरलं."

मला काही ठरवायचं होतं असं त्यांना वाटलंच नाही. पण पुढे तेरा वर्षांत त्यांनी हा करार एकदाही मोडला नाही.

बाई घड्याळ वापरत नसत. त्यांचं सगळं माप कडव्यांत आणि गीतांत. चहा दोन कडव्यांत उकळतो, भात एका लांब गीतात होतो, बर्डीचा बाजार पायी चार गीतांवर आहे. माझी बायको आधी हसायची, मग एक दिवस मीच तिला शेजारणीला सांगताना ऐकलं, "दोन कडवे थांब वं, येतोच मी." बाई वाटेल त्याला अहो-जाहो करायच्या. दूधवाल्याला, रिक्षावाल्याला, जिन्यात झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "सरकता का जरा?" असं त्या कुत्र्याला म्हणायच्या आणि ते सरकायचं. मोटर असो, स्टोव्ह असो, काही अडलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "ते हट्टी असेल तर आपण त्याच्यापेक्षा दोन तास जास्त हट्टी व्हायचं." आणि त्या ते शब्दशः करायच्या. न पेटणाऱ्या स्टोव्हपुढे त्या सबंध दुपार बसलेल्या मी पाहिल्या आहेत. स्टोव्ह पेटला.

बाई एका चर्चच्या ऑर्गनवादक म्हणून नागपूरला आल्या आहेत, हे मला त्या पहिल्या आठवड्यात कळलं. पण खरी गोष्ट कळायला महिना गेला. बायकोने एका संध्याकाळी त्यांना जेवायला बोलावलं होतं. झुणका खाता खाता त्यांनी ती अगदी सहज सांगितली.

नगरकडे त्या एका मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि गावातल्या लहानशा चर्चमध्ये रविवारी पायपेटी वाजवायच्या. पायाने हवा भरायची, हाताने वाजवायचं. त्या पेटीला तिकडे सगळे ऑर्गनच म्हणत. नागपूरच्या चर्चला वादक हवा आहे असं कळलं, बाईंनी अर्ज केला. उलट पत्रात विचारलं होतं, ऑर्गन वाजवता येतो का. बाईंनी लिहिलं, तीस वर्षं वाजवते आहे. नेमणूक झाली. शाळेचा राजीनामा देऊन, खोली सोडून त्या आल्या. पाळकसाहेब त्यांना चर्चच्या दारावरच्या माडीवर घेऊन गेले. तिथे भिंतभर नळ्या उभ्या होत्या. काही बोटाएवढ्या, काही माणसाच्या दुप्पट उंच. पुढे हातासाठी पट्ट्यांच्या दोन ओळी, आणि खाली पायासाठी तिसरी.

"मग?" बायकोने विचारलं.

"मग मी खाली उतरले. आवारातल्या नळाचं पाणी प्याले. पुन्हा वर गेले. पाळकांना म्हटलं, मी असलं काही आयुष्यात वाजवलेलं नाही. तुम्ही ऑर्गन लिहिलं, मी माझा समजले."

"त्याईले राग आला असन."

"ते हसले. म्हणाले, हा ऑर्गन तरी कुठे वाजतोय? सहा वर्षं बंद आहे. आम्हाला पेटीच वाजवणारं माणूस हवं होतं. तुम्ही निश्चिंत राहा." बाईंनी ताटातला कांदा उचलला. "पण आता मी तो बघितला होता ना."

त्यांनी पाळकसाहेबांना तिथेच सांगून टाकलं की रविवारी त्या पेटी वाजवतील आणि ख्रिसमसला हा ऑर्गन. पाळक भला माणूस, हो म्हणाला. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी मात्र हो म्हणाले नाहीत. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दोन मोठ्या नळ्या पुढे झुकल्या होत्या, एखादी खालच्या माणसांवर पडली तर काय? कमिटीने ऑर्गन काढून टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं. बाईंच्या आग्रहाखातर ख्रिसमसपर्यंत थांबायचं ठरलं. तोवर तो नीट वाजला तर राहील, नाहीतर जानेवारीत उतरवतील.

"म्हणजे पाच महिने," मी म्हणालो. "ऑर्गन बिघडलेला, आन्‌ तुमाले वाजवता येत नाही."

"दोन्ही एकदम शिकायचं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला शनिवारी सुट्टी असते ना?"

असा मी त्या चर्चमध्ये गेलो. आमच्या कारखान्यात दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रं होती. हवेची गळती शोधणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ऑर्गनच्या आत शिरल्यावर मला तो कळायला वेळ लागला नाही. खाली मोटर, तिला जोडलेला पंखा, पंख्यातून हवा भल्यामोठ्या चामडी भात्यात, भात्यातून लाकडी पेट्यांत, आणि प्रत्येक नळीखाली एक चामडं लावलेली झडप. पट्टी दाबली की झडप उघडते, नळी वाजते. आमच्या गावच्या लोहाराचा भाता आणि हा भाता यात फरक फक्त आकाराचा. मोटर जळालेली होती, ती बर्डीवर नेऊन नवीन तार भरून आणली. भात्याला उंदरांनी तीन ठिकाणी तोंड लावलं होतं. तबल्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडून बाईंनी बकऱ्याचं मऊ चामडं आणलं आणि स्वतः बसून ठिगळं लावली.

झुकलेल्या नळ्यांचा इलाज मला गावाकडे सापडला. आमच्या संत्र्याच्या बागेत फळांनी लदलेल्या फांद्या मोडू नयेत म्हणून बांबूचे टेकू देतात, वरच्या टोकाला दुबेळकं, म्हणजे बेचकं, असलेले. असे चार टेकू मी एसटीच्या टपावर टाकून आणले. कंडक्टर म्हणाला, "शहरात कोणती बाग लावून राहिला गा?" मी म्हणालो, चर्चात लावून राहिलो. टेकूंना फडकी गुंडाळून ते नळ्यांमागे बसवले आणि नळ्यांसकट भिंतीला आवळले. ते अजूनही तिथेच असतील.

तरी हवा कुठेतरी जात होती. भाता भरायचा आणि बसायचा. कारखान्यात आम्ही साबणाचा फेस लावून गळती शोधतो, पण जुन्या लाकडाला पाणी लावायला बाई तयार नव्हत्या. मग मी एक उपाय केला. खिशात उदबत्तीचा पुडा नेला, एक पेटवली आणि लाकडी पेट्यांच्या सांध्यांपाशी हळूहळू फिरवू लागलो. जिथे हवा निसटते तिथे धूर वाकडा होतो. बाई मागून खडूने खुणा करत होत्या. नेमके त्याच वेळी सेक्रेटरीसाहेब माडी चढून आले.

त्यांना काय दिसलं असेल याची कल्पना करा. कपाळावर टिळा लावलेला एक माणूस त्यांच्या ऑर्गनसमोर उदबत्ती ओवाळतो आहे, आणि वादकबाई पाठीमागे भक्तिभावाने वाकून उभ्या आहेत.

"बाई! हे काय चाललंय देवाच्या घरात?"

मी उदबत्ती पाठीमागे लपवली. बाईंनी मान वर केली.

"पूजा नाही साहेब, तपासणी आहे. गळती शोधतोय. पूजेने भोकं बुजली असती तर मी तीही करून घेतली असती, पण बुजणार नाहीत. सरस लावावा लागेल. तेवढा तो दिवा इकडे धरता का?"

साहेबांनी दिवा धरला नाही. ते तसेच खाली उतरले. पण तक्रारही केली नाही.

ऑर्गन हळूहळू बोलू लागला तशी बाईंची खरी परीक्षा सुरू झाली. हात तयार होते, पाय नव्हते. दोन हात दोन ओळींवर, दोन पाय तिसरीवर, आणि चौघांचं काम वेगळं. पायाकडे बघायचं नाही म्हणून त्या मांडीवर चादर घ्यायच्या. "दिसलं की पाय आळशी होतात," म्हणायच्या. खोलीतल्या पट्ट्यांवर जे जमायचं ते चर्चमध्ये कोलमडायचं, कारण तिथे पाय चुकला की ते अख्ख्या इमारतीला कळायचं. जाड नळ्यांचा सूर बाकांतून, खिडक्यांच्या काचांतून घुमायचा. आवारातला माळी एकदा मला म्हणाला, "बाई हत्ती शिकवून राहिल्या का गा वर?"

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या परतल्या त्या जिना न चढता आमच्या दारातच बसल्या. बायकोने पाणी दिलं. बूट काढले तर दोन्ही पायांचे घोटे सुजून टम्म झाले होते.

"माझे पाय म्हातारे आहेत," बाई म्हणाल्या. "हात तीस वर्षांचे शिकलेले आहेत, आणि पाय पहिलीत बसलेत. वीस दिवसांत होणार नाही."

त्यांच्या तोंडून 'होणार नाही' हे मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणालो, "मंग पेटी वाजवा ना ख्रिसमसले. पाळकसाहेब कुठं नाही म्हणून राहिले?"

बाईंनी सुजलेला घोटा बोटाने दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "पेटीत हवा माझ्या पायाची असते. पाय थांबला की सूर मेला. तीस वर्षं मी पेटीसाठी श्वास घेतेय. मला एकदा असं वाजवायचं आहे की श्वास त्याचा असेल, आणि मी फक्त सांगायचं." त्यांनी पाणी संपवलं. "शाळा कशासाठी सोडली ते मला इथे येऊन कळलं. पेटी काय, तिथेही होती."

बायको आत गेली, तिळाचं तेल कोमट करून घेऊन आली आणि काही न विचारता त्यांचा पाय मांडीवर घेतला. बाई संकोचल्या, पाय ओढू लागल्या.

"बसा ना वं बाई गपचूप," बायको म्हणाली. "घरी मायचे पाय नाही चेपले का मी? उद्या वाजवाचं हाय ना तुमाले?"

मालिश संपली. मग त्यांनी बूट हातात घेतले आणि भिंतीला धरून जिना चढल्या. थोड्या वेळाने वरून, गोणपाटावरून, मऊ धप्‌ धप्‌ ऐकू येऊ लागलं. बायको माझ्याकडे बघून हसली. वीस दिवस रोज संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन वर जात होती.

ख्रिसमसच्या सकाळी चर्च भरलं होतं. मी माडीवर मोटरपाशी बसलो होतो. बायकोला मी म्हटलं होतं, चल म्हणून, पण ती म्हणाली, "मले धाकधूक होते, तुमीच सांगा आल्यावर." गायनवृंदातली दहा-बारा माणसं ढोलकी आणि टाळ घेऊन ऑर्गनच्या बाजूला उभी होती. थंडीने सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. बाईंनी बूट बांधले, चादर पसरली, आणि मला मानेने खूण केली. मी बटण दाबलं. भाता भरला आणि भरलेलाच राहिला.

पहिलं गीत उत्तम झालं. खालची माणसं माना वळवून वर बघत होती. सहा वर्षांनी तो आवाज आला होता. म्हाताऱ्यांपैकी दोघं-तिघं उभी राहून डोळे पुसत होती. गीत संपलं, बाईंनी हात उचलले, पाय उचलले.

एक सूर चालूच राहिला.

मऊ, लाकडी नळीचा, बारीक पण स्पष्ट. एक झडप उघडी अडकली होती. नळ्यांचा तो संच बंद करायची खुंटीही नेमकी त्या दिवशी गारठून घट्ट बसली होती, आत जाईना. खाली पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली आणि त्या प्रार्थनेखाली तो सूर एकसारखा घुमत राहिला. मी बाईंकडे पाहिलं आणि हातानेच विचारलं, मोटर बंद करू? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांचं बरोबर होतं, कारण थंड मोटर एकदा बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची हमी मीच दिली नव्हती. झडपेपर्यंत पोचायला आत रांगत जावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ नव्हता.

पुढच्या बाकावर बसलेल्या सेक्रेटरीसाहेबांनी मागे वळून माडीकडे पाहिलं.

बाई डोळे मिटून तो सूर ऐकत होत्या. मग त्यांनी चौथ्या पांढऱ्या पट्टीवर नुसतं बोट ठेवलं, न दाबता, आणि गायनवृंदाच्या प्रमुखाकडे वाकून कुजबुजल्या, "पुढचं गीत पांढरी चारमध्ये."

"आपण पांढरी पाचमध्ये बसवलंय, बाई."

"ऑर्गन पांढरी चारमध्ये अडकलाय. तो वर येणार नाही, आपण खाली जाऊ. ढोलकी उतरवा. आणि चाल आपली जुनी घ्या, अभंगाची. इंग्रजी नको."

ते गीत चर्चमध्ये इंग्रजी आणि अभंगाच्या अशा दोन्ही चालींवर गात असत. ढोलकीवाल्याने सूर उतरवायला पटापट दोरीवरच्या कड्या सरकवल्या. पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं. बाईंनी हात पट्ट्यांवर ठेवले नाहीत. त्या सुराला तसंच चालू दिलं, तंबोऱ्याच्या षड्जासारखं, आणि गाणाऱ्यांना खूण केली. आधी एकट्या गळ्याने पहिली ओळ आली. मग ढोलकी, मग टाळ. मग बाईंनी फक्त पायाने तोच सूर खालच्या सप्तकात धरला, आणि माडीच्या फळ्या थरथरल्या. खाली सगळं चर्च टाळ्यांवर गाऊ लागलं. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण मी लहानपणापासून भजनं ऐकली आहेत. दगडी चर्चमध्ये, विलायती नळ्यांवर, ते आमच्या गावच्या भजनासारखं वाटत होतं.

उपासना संपल्यावर लोक माडीवर चढून आले. सेक्रेटरीसाहेबही आले. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला.

"बाई, तंबोऱ्यासारखा सूर लावून ठेवायची कल्पना अप्रतिम. इतकी वर्षं हा ऑर्गन इथे आहे, कोणालाच सुचलं नाही."

आजूबाजूला सगळे माना डोलवत होते. मी मनातल्या मनात म्हणालो, बाई, आता फक्त हसा.

"कल्पना नव्हती, साहेब," बाई म्हणाल्या. "झडप अडकली होती."

साहेबांनी हात सोडला. "म्हणजे बिघाड?"

"बिघाड."

"मग मी कमिटीला काय सांगू? ख्रिसमसपर्यंत नीट होईल असं तुम्हीच म्हणाला होता."

"सांगा, झाला नाही. अजून आठ दिवस लागतील. आणि उद्या सकाळी या, आत शिरून स्वतः बघा. म्हणजे ऐकीव सांगावं लागणार नाही."

घरी परतताना मी वैतागलो होतो. "तोंड काहून उघडलं तुमी? ते खूश होऊन राहिले होते!"

"आणि पुढच्या रविवारी झडप अडकली नाही म्हणजे?" बाई म्हणाल्या. "ते विचारतील, आज तो सूर का नाही लावला? मग दर रविवारी मी मुद्दाम बिघाड करत बसू?"

घरी पोचल्यावर मी दुसऱ्या दिवसासाठी टॉर्च काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेब कोट घालून आले. बाईंनी तो काढायला लावला. ऑर्गनच्या बाजूच्या बुटक्या लाकडी दारातून ते आत शिरले तेव्हा त्यांच्या शर्टाची इस्त्री संपली. मी टॉर्च धरला. अडकलेली झडप मी त्यांना दाखवली. तिची बोटाएवढी स्प्रिंग तुटली होती.

"बोटाने दाबून धरा," बाई बाहेरून ओरडल्या. त्यांनी धरली. सूर बंद झाला. "सोडा." सूर आला. "धरा. आता मी बाकीचं वाजवते, तुम्ही ती सोडू नका."

मग बाईंनी सबंध गीत वाजवलं. साहेब त्या नळ्यांच्या जंगलात गुडघ्यांवर बसून एक झडप दाबून धरून होते, आणि त्यांच्या चारी बाजूंनी ऑर्गन वाजत होता. गीत संपल्यावरही त्यांनी बोट काढलं नाही. मला हळूच म्हणाले, "हे पुन्हा वाजवायला सांगा ना त्यांना."

बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत जाळी होती.

"आत एवढं सगळं आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

जानेवारीत ऑर्गन उतरला नाही. कारखान्यात मी रिकाम्या वेळात तारेच्या स्प्रिंगा वळून दिल्या, एक डबाभर. तो डबा साहेबांनी स्वतःच्या ताब्यात ठेवला आणि काही बिघडलं की पांढरा शर्ट काढून बनियनवर आत शिरू लागले. एवढंच नाही, पुढच्या मे महिन्यात कमिटीने बाईंसाठी माडीवर कूलर बसवला, खास. नागपूरचा उन्हाळा, वर टिनाचं छप्पर, बाई घामाने निथळायच्या. बाईंनी आभार मानले आणि कूलर उचलून खाली माणसांत नेऊन ठेवायला लावला. ओल्या हवेने लाकूड फुगतं, झडपा अडकतात. डोक्यावर ओला टॉवेल बांधून त्या तेरा उन्हाळे तिथे बसल्या.

"मला घाम येऊ दे," म्हणायच्या. "त्याला येता कामा नये."

पुढे त्यांनी हॉस्पिटलातल्या एका तरुण नर्सला चार वर्षं शिकवलं. ड्यूटी संपवून ती यायची आणि बाई तिच्या मांडीवर चादर पसरायच्या. मग एका पावसाळ्यात बाईंना माडीचा जिना चढवेना. कोणी सुचवायच्या आधी त्यांनीच पाळकसाहेबांना सांगितलं, की येत्या रविवारपासून नर्स वाजवेल, आणि सोमवारच्या गाडीने त्या नगरला भावाकडे जातील.

त्या रविवारी बाई खाली बसल्या. एका बाजूला मी, एका बाजूला माझी बायको. ती त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच आली होती, काठपदराचं लुगडं नेसून. तेरा वर्षांत बाई त्या बाकांवर कधी बसल्या नव्हत्या. त्यांनी त्या लोकांच्या फक्त पाठी पाहिल्या होत्या. लोक येऊन भेटत होते, सेक्रेटरीसाहेब दोनदा येऊन नुसतेच उभे राहून गेले. बाई सगळ्यांना मान हलवत होत्या, पण कान वर होते. मोटर सुरू झाली तशी त्यांनी बायकोचा हात धरला.

नर्सने सुरुवात केली. सूर मागून, वरून आला आणि आमच्या डोक्यावरून पुढे गेला. सगळे उठले, आम्हीही उठलो. आणि बाई गाऊ लागल्या.

मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. वाजवताना त्या ओठांत मोजत असायच्या. त्यांचा आवाज घोगरा होता, जाड, आणि भलताच मोठा. सुरात होता असं मी म्हणणार नाही. पुढच्या बाकावरची दोन पोरं वळून बघू लागली, त्यांच्या आईने त्यांच्या माना पुढे केल्या. बाईंना त्याचं काही नव्हतं. मान ताठ, डोळे समोर, त्या शेवटपर्यंत पूर्ण गळ्याने गायल्या. वर नर्सचा पाय एकदा चुकला. तो मला कळला म्हणजे बाईंना कळलाच असणार. पण त्या गात राहिल्या.

खाली बसल्यावर बायको त्यांच्या कानाशी वाकली. "बाई, तुमचा आवाज त लय मोठा हाय वं."

"हो का?" बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती, चेहरा लाल झाला होता. "मलाही माहीत नव्हतं."

पाळकसाहेबांनी पुढच्या गीताचा आकडा सांगितला. लोक अजून पुस्तकाची पानं उलटत होते, तोवर बाई उभ्याही राहिल्या.